७५ टक्के हजेरी: मुलाचे खाडे कुणी मोजायचे आणि कसे

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एक वाद पेटतो. हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला बसता येणार नाही, असं शाळा दहावी-बारावीच्या एखाद्या मुलाला सांगते आणि ‘आम्हाला आधी कुणी काही बोललंच नाही,’ असं पालक म्हणतात. या सगळ्यात ७५ टक्के हा आकडा इतक्यांदा कानावर पडतो की तेवढे भरले म्हणजे मुलाचं ठीक चाललंय, असं वाटू लागतं. ती समजूत चुकीची आहे. ७५ टक्के ही बोर्डाच्या परीक्षेला बसण्याची किमान अट आहे. मूल शिकतंय की मागे पडतंय, हे त्यावरून कळत नाही. ते कळायला वर्गाची सरासरी बाजूला ठेवून एकेका मुलाचे खाडे मोजावे लागतात, आणि तेही ऑगस्टमध्येच. मार्चमध्ये मोजून हाती काही लागत नाही.

## ७५ टक्के म्हणजे किती दिवस?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीची किमान २२० दिवस भरली पाहिजे. रविवार, सणवार, उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी वगळून उरतात ते हे कामाचे दिवस. हजेरीची टक्केवारी काढताना हजर दिवसांना याच कामाच्या दिवसांनी भागायचं असतं.

२२० चे ७५ टक्के म्हणजे १६५. म्हणजे ५५ दिवस घरी राहूनही मूल ‘अटीत बसतं’. आठवड्याला सहा दिवस शाळा धरली तर हे नऊ आठवड्यांहून जास्त होतात. सातवीच्या मुलाने एवढा काळ बुडवला तर अपूर्णांक, समीकरणं, इतिहासाची निम्मी प्रकरणं, असं बरंच काही वर्गात होऊन गेलेलं असतं. टक्केवारीत ऐकताना हे जाणवत नाही, दिवसांत मांडलं की लगेच कळतं. म्हणून पालकसभेत टक्के सांगू नयेत, दिवस सांगावेत.

## पट वेगळा, हजेरी वेगळी

शाळेत दोन आकडे असतात. पट म्हणजे शाळेत नाव दाखल असलेली मुलं आणि हजेरी म्हणजे त्या दिवशी वर्गात बसलेली मुलं. यात गल्लत झाली की बाकीचं काहीच समजत नाही.

शिक्षकांची पदं पटावरून ठरतात. दरवर्षी ठरलेल्या तारखेच्या पटावरून होणाऱ्या या हिशोबाला संचमान्यता म्हणतात. कायद्यातल्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तिसरा. आता ६१ च्या पटावरचं एक मूल दोन महिने आलेलं नाही, अशी शाळा डोळ्यासमोर आणा. त्याचं नाव कमी केलं तर एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. मग ते नाव पटावर राहतं. ते मूल कुठे आहे, याची चौकशी मात्र मागे पडते, कारण चौकशी केली की उत्तर लिहावं लागतं.

याच ओढीतून राज्यात बनावट पट वाढला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची लाखो मुलं वर्गांत सापडली नाहीत आणि ५० टक्क्यांहून कमी उपस्थितीच्या शाळांवर कारवाईची वेळ आली. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदी आणि आधार जोडणी आली. एकच नाव दोन शाळांत दाखवणं त्यामुळे अवघड झालं. पण आधारवरून मूल अस्तित्वात आहे एवढंच सिद्ध होतं. आज ते वर्गात आहे की नाही, हे अजूनही शिक्षकाच्या नजरेवर आणि हजेरीपत्रकावरच अवलंबून आहे.

हजेरी फुगण्याचं कारण वेगळं असतं. शालेय पोषण आहाराचा तांदूळ हजेरीवरून खर्ची पडतो, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. तिसरीच्या वर्गात रोज दहा मुलं जास्त दाखवली तर कागदावर रोज एक किलो तांदूळ जास्त शिजतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने हजेरीपत्रक आणि आहाराची नोंदवही शेजारी ठेवून वाचावी. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे हे वाचायला बाहेरून कुणी यायची गरज नाही.

हजेरी कधी घेतली, यावरही पुष्कळ काही ठरतं. ती पहिल्या तासाला घ्यावी आणि मधल्या सुट्टीनंतर पुन्हा घ्यावी. दुसऱ्यांदा घेतली नाही तर जेवून घरी जाणारी मुलं दिवसभर हजर दिसतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आठवड्याची हजेरी शनिवारी एकदम भरणं. असं पत्रक ओळखता येतं. एकाच पेनाची, एकाच दाबाची ओळ सोमवारपासून शनिवारपर्यंत सरळ गेलेली असते आणि त्यात गैरहजेरीचा ‘गै’ जवळपास नसतोच.

## सरासरी चांगली, तरी चार मुलं बुडाली

समजा वर्गात ३० मुलं आहेत आणि महिन्यात २४ दिवस शाळा भरली. सगळे रोज आले असते तर ७२० हजेऱ्या झाल्या असत्या. त्यातल्या २६ मुलांनी प्रत्येकी एक दिवस बुडवला. उरलेल्या चौघांनी ७, ८, ९ आणि १० दिवस बुडवले. एकूण खाडे ६०, हजेऱ्या ६६०. महिनाअखेर पत्रकाखाली गोषवारा लिहिला जातो, ‘सरासरी उपस्थिती २७.५, टक्केवारी ९१.६७’. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख पाहतात, समाधान मानतात, सही करतात.

त्या चौघांनी मिळून एक तृतीयांशाहून जास्त शाळा बुडवली आहे, हे गोषवाऱ्यात कुठेही येत नाही. पत्रकात बेरीज दोन दिशांनी होते. खाली उभी बेरीज केली की दिवसाची हजेरी कळते, उजवीकडे आडवी केली की त्या मुलाची. वर पाठवायची असते उभी बेरीज, म्हणून ती नेमाने होते. आडवी बेरीज रकान्यात लिहिली जाते, पण तिच्याकडे पाहून कुणी काही ठरवत नाही. महाराष्ट्रात आता विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे शाळांची माहिती ऑनलाइन गोळा करणाऱ्या सरकारी केंद्राकडे, चॅटबॉटवरून रोजची हजेरी जाते. तिथेही शिक्षकाच्या कामाची असते ती आडवी बेरीजच: कोणतं मूल, किती दिवस, सलग की सुटे.

## मग धोक्याची खूण कोणती?

१० टक्के. अनेक देशांतल्या शाळा मुलाने दहातला एक दिवस बुडवला की त्याला नियमित गैरहजर धरतात. कारण रजा असो, आजार असो की दांडी, मोजताना फरक करत नाहीत. बुडालेला धडा कारण विचारत नाही. आपल्या २२० दिवसांत हे २२ खाडे होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन-अडीच. ते ‘फार’ वाटत नाहीत, आणि नेमकं म्हणूनच ते निसटतात.

जूनच्या मध्यात शाळा सुरू झाली तर ऑगस्टअखेर साधारण ६० दिवस भरतात. त्यात ज्याचे सहा खाडे झाले, त्याचं नाव बाजूला लिहावं. यादी बहुधा चार-पाच नावांचीच होते आणि चार-पाच घरी जाणं कुठल्याही शिक्षकाला जमतं.

पालकांनाही आपल्या मुलाचे खाडे कमीच आठवतात. हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात तपासून पाहिलं आहे. तिथे पालकांना ‘तुमचं मूल यंदा एकूण इतके दिवस आलं नाही’ एवढंच सांगणारी पत्रं पाठवली, तर नियमित गैरहजर मुलांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास घटलं. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे न चुकता लिहिले जातात, कारण महिनाअखेर हिशोब करायचा असतो. मुलाचे खाडेही त्याच कॅलेंडरवर, तारखेच्या चौकटीत, वेगळ्या रंगाने लिहावेत. महिना उलटायच्या आधी मोजले की पुरे.

## खाड्यांचा आकार वाचा

किती खाडे झाले यावरून धोका कळतो. ते कधी झाले यावरून कारण कळतं. हजेरीपत्रकाची जी खरी किंमत आहे ती इथे आहे, आणि इथेच आपण सगळ्यात कमी पाहतो.

दर आठवड्याला ठरावीक वारी खाडा दिसला तर गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते पाहा. आईवडील माल घेऊन बाजाराला गेले की धाकट्याला सांभाळायला मोठं मूल घरी राहतं, आणि ते बहुतेक वेळा मुलगी असते. अंगणवाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळवली, किंवा त्या दिवशी धाकट्याला शेजारी ठेवायची सोय झाली, तर खाडा थांबतो. मुलीला रागावून काही होत नाही.

सहावी-सातवीपासून एखादी मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस सलग येत नसेल, तर आधी शाळेचं स्वच्छतागृह जाऊन बघा. दाराला आतून कडी लागते का, पाणी आत आहे की बाहेरच्या टाकीतून आणावं लागतं, वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. यातली एक गोष्ट नसली तरी मुली घरी राहतात, आणि विचारलं तर ‘पोट दुखत होतं’ एवढंच सांगतात.

चाचणीच्या किंवा पाढे म्हणायच्या दिवशीच खाडा पडत असेल तर ती भीती आहे. ज्या धड्यापासून मूल अडलं तो सापडला की ते यायला लागतं. दुसरीतली हातच्याची वजाबाकी किंवा जोडाक्षरं ही अडण्याची अगदी ठरलेली ठिकाणं. दुष्टचक्र असं की तिथे अडलं म्हणून मूल घरी राहतं, आणि घरी राहिलं म्हणून पुढचंही अडतं.

मोसमी खाडे तर गावागणिक ठरलेले. कोकणात जुलैत भातलावणी, मराठवाडा-विदर्भात ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची काढणी आणि त्यामागून कापसाची वेचणी, गडचिरोली-गोंदियाकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. मोह पहाटे वेचायचा असतो, म्हणून तिथली मुलं गैरहजर कमी आणि उशिरा, पेंगुळलेली जास्त दिसतात. मागच्या तीन वर्षांची पत्रकं काढून महिन्यावार खाडे मांडले की गावाचं असं वेळापत्रकच तयार होतं. त्या पंधरवड्यात नवा घटक सुरू करू नये. उजळणी, वाचन, प्रकल्प तेव्हा ठेवावेत.

## खाडा पडला, आता काय?

पहिल्याच दिवशी, दुपारच्या आत, फोन करावा. सूर चौकशीचा असावा. ‘आज दिसला नाही, बरा आहे ना?’ एवढं पुरतं. ‘का पाठवलं नाही?’ असं विचारलं की उत्तर म्हणून कारण मिळतं, खरं काय ते कळत नाही. फोन लागला नाही तर त्याच वस्तीतल्या मुलाकडून निरोप द्यावा.

सलग तीन दिवस झाले की घरी जावं. जाताना त्या तीन दिवसांचा अभ्यास घेऊन जावा, म्हणजे भेट तपासणीची वाटत नाही. आठवडा उलटला तर मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीतला त्या वस्तीतला सदस्य यांना सोबत घ्यावं. महाराष्ट्रात महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. त्या टप्प्यावर पोचायच्या आत चार वेळा हालचाल झालेली असावी, आणि प्रत्येक वेळी तारीख, कुणाशी बोललं, काय ठरलं, या तीन गोष्टी वहीत लिहिलेल्या असाव्यात.

परत येण्याचा दिवस सगळ्यात दुर्लक्षित राहतो. मूल आठ दिवसांनी येतं, वर्गापुढे उभं राहून कारण सांगतं, कुणीतरी हसतं, आणि दोन दिवसांनी पुन्हा खाडा पडतो. त्यापेक्षा पहिल्या तासाआधी पाच मिनिटं बाजूला घ्यावं, बुडालेल्यातलं सगळं नाही, फक्त पुढच्या धड्याला लागणारं तेवढं सांगावं आणि शेजारी कुणाची वही बघायची ते ठरवून द्यावं.

## आईवडील ऊसतोडीला गेले तर?

बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि एप्रिलपर्यंत परततात. म्हणजे शाळेचा अर्ध्याहून जास्त काळ मूल फडावर, उसाच्या शेतात. याला दोन सोयी आहेत. एक, हंगामी वसतिगृह: मूल आजी-आजोबांकडे किंवा गावातच राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेच्या पातळीवर होते. यासाठी टोळी निघायच्या आधी, टोळीच्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतले जातात तेव्हाच, स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी झाली पाहिजे.

दुसरी सोय शिक्षण हमी कार्डाची. मूल सोबत जाणारच असेल तर गावच्या शाळेने हे कार्ड भरून पालकांच्या हाती द्यायचं. त्यात मुलाची इयत्ता आणि तो काय शिकला आहे याची नोंद असते. कारखान्याजवळच्या शाळेने कार्ड पाहून त्याला बसवून घ्यायचं. शाळा सोडल्याचा दाखला मागत बसायचं नाही. दाखला नसल्यामुळे किंवा उशिरा आल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यातच आहे. गडबड होते ती कार्ड देण्याच्या वेळेत: टोळी रात्रीतून निघते आणि कार्डं मुख्याध्यापकांच्या कपाटात राहतात.

## ‘इतके खाडे, तर नावच कमी करा ना!’

आठवीपर्यंतच्या मुलाचं नाव गैरहजेरीमुळे काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास पुनर्परीक्षा आणि तरीही नापास झाल्यास त्याच वर्गात बसवणं, हे राज्यांना करता येतं आणि महाराष्ट्राने ते स्वीकारलं आहे. पण त्याच वर्गात बसवणं वेगळं आणि शाळेतून काढणं वेगळं. उपस्थितीकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी कायद्याने सरकारी यंत्रणेवर टाकली आहे. मुलाच्या नियमितपणाबद्दल पालकांना कळवत राहणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

## पालकांना दंड का करत नाहीत?

इंग्लंडमध्ये करतात. तिथे दहा आठवड्यांत पाच दिवस विनापरवाना बुडाले तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होतो, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. डिसेंबरात लग्नासाठी भारतात येणाऱ्या तिथल्या मराठी घरांना हे चांगलं माहीत आहे. आपल्या कायद्यात मुलाला शाळेत पाठवणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण त्याला दंड जोडलेला नाही. ते योग्यच आहे. आपल्याकडे जास्तीत जास्त खाडे मजुरी, स्थलांतर आणि घरकामामुळे पडतात. फडावरच्या माणसाला दंड केला तर मूलही कोयता हातात घेईल.

उलट बाजूने बक्षीस आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या पहिली ते चौथीच्या मुलींना १९९२ पासून ७५ टक्के हजेरीच्या अटीवर रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता मिळत आला आहे, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. १९९२ मध्ये त्या रुपयाला वजन होतं. आज तेवढ्यावर कुणाची मजुरी थांबत नाही, आणि रक्कम न वाढवता ही योजना चालवणं म्हणजे तिचा फक्त कागद सांभाळणं आहे.

‘शंभर टक्के हजेरी’चं प्रमाणपत्र टाळलेलंच बरं. जुलैत एकदा ताप आला की त्या मुलापुरती शर्यत संपते, आणि जो शर्यतीत उरतो तो ताप असतानाही येतो. मागच्या महिन्यापेक्षा ज्याचे खाडे कमी झाले त्याचं नाव वर्गात घ्यावं.

## आजारी मुलाला पाठवायचं का?

नाही. औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही की पाठवावं. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवावं, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. साधी सर्दी, डोक्यातल्या उवा, किरकोळ खोकला यांसाठी शाळा बुडवायची गरज नसते. उवांमुळे घरी पाठवलेली मुलगी अपमानाने आठवडाभर येत नाही, हे शाळांनी लक्षात ठेवावं.

## दहावी-बारावी: क्लास लावला तर हजेरी कशाला?

‘डमी’ प्रवेशाची ही वाट आता अरुंद झाली आहे. नाव शाळेत आणि मूल दिवसभर कोचिंगला, असं चालवणाऱ्या शाळांची सीबीएसईने अचानक तपासणी केली आणि २०२४ मध्ये काहींची संलग्नता काढून घेतली. शाळेची संलग्नता गेली की तिथल्या मुलांचीही फरफट होते.

सीबीएसईत ७५ टक्क्यांचा हिशोब १ जानेवारीपर्यंतच्या दिवसांवर होतो. गंभीर आजार, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धा अशा कारणांसाठी २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, पण कागदपत्रं शाळेमार्फत आणि वेळेत गेली तरच. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आजारपण संपल्याबरोबर द्यायचं असतं. डिसेंबरात एकदम आणलेल्या जुन्या तारखांच्या प्रमाणपत्रांवर शंका घेतली जाते. राज्य मंडळातही किमान ७५ टक्केच लागतात. ज्याला नियमित शाळा जमणारच नाही, त्याला १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बसता येतं. मात्र त्या अर्जाची मुदत परीक्षेच्या पुष्कळ आधी संपते, त्यामुळे हॉल तिकीट अडल्यावर हा मार्ग उरत नाही.

म्हणून हिशोब दिवाळीच्या सुट्टीतच करावा. समजा तोवर शाळा १२० दिवस भरली आणि मूल ८२ दिवस हजर होतं. १ जानेवारीपर्यंत आणखी ४० दिवस भरणार. एकूण १६०, त्याचे ७५ टक्के १२०. म्हणजे उरलेल्या ४० दिवसांत ३८ हजेऱ्या हव्यात आणि दोनच खाडे परवडतात. तिसरा पडणारच असेल तर त्याचा रजेचा अर्ज आणि कागदपत्रं त्याच आठवड्यात शाळेत द्यावीत, आणि शाळेच्या शिक्क्यासह पोच घेऊन ठेवावी.